न बोलण्याची किंमत : ‘समाजस्वास्थ्य’ ते ‘हमसफर’

१/ मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावला. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. सात वर्षांनी दोघे एका खटल्यात एकत्र आले. #थ्रेड

२/ कर्वे वाचकांच्या कामजीवनविषयक शंकांना छापील उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंधांवरील उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकील होते आंबेडकर.

३/ विषय लैंगिक आहे एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो फेटाळला गेला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. शंका विचारणारे मात्र उरलेच.

४/ १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. सुरुवातीच्या प्रचाराचा रोख वेश्यागमनावर होता आणि ‘निरोध’ची ओळख कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून होती. परिणामी, धोका स्त्रीकडूनच येतो, पुरुषाकडून नाही, असा घातक समज पसरला.

५/ त्यातच कलम ३७७. मदत मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे!

६/ १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ काढले, १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. समाजातलेच कार्यकर्ते पुरुषांच्या भेटीच्या जागी जाऊन कंडोम देत, तपासणीस नेत. तेलाने लेटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटतो, म्हणून पाण्यावर आधारित वंगण वापरा, ही साधी, जीव वाचवणारी माहितीही अशाच कामातून पोहोचली.

७/ हे काम निर्धोक नव्हते. जुलै २००१ मध्ये लखनौत एड्स प्रतिबंधाचे कार्यकर्तेच ३७७ खाली पकडले गेले. ४७ दिवस तुरुंगात राहिले.

८/ २००६ मध्ये सरकारच्याच ‘नॅको’ने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले की, या कलमाच्या भीतीने माणसे लपतात व प्रतिबंध अडतो. २००९ मध्ये दिलासा मिळाला, २०१३ मध्ये तो हिरावला गेला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले.

९/ महाड-पोलादपूरच्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत चाकरमानी. मुंबईत त्याला न मिळालेल्या माहितीची किंमत गावातले घरही मोजते. म्हणून कर्व्यांनी छापलेले ते उत्तर प्रत्येक पिढीत, मराठीतून, पुन्हा द्यावे लागते.