ड्रॅग स्ट्रिपवर पहिल्यांदा जाताना : टायरची निवड आणि हवेचा दाब

दोन गाड्यांनी उभ्या स्थितीतून एकाच वेळी सुटायचे आणि पाव मैलाचे, म्हणजे १,३२० फुटांचे सरळ अंतर कोण आधी कापते ते पाहायचे, एवढाच ड्रॅग रेसिंगचा खेळ. अमेरिकेत त्याला शिस्त लावणारी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. तेथील अनेक ट्रॅकवर ठरावीक दिवशी रोजच्या वापरातील गाडीही शुल्क भरून धावू शकते. अशा नवख्या चालकाचा पहिला प्रश्न बहुधा टायरचा असतो.

टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला नेहमीचा रस्त्यावरचा टायर. दुसरा ‘ड्रॅग रेडियल’. याचे रबर मऊ, नक्षी नावापुरती, तरीही रस्त्यावर चालवण्यास मान्यता असलेला. तिसरा ‘स्लिक’, पूर्ण गुळगुळीत, केवळ ट्रॅकसाठी. स्लिकचा मोह अनेकांना होतो. परंतु चाक घसरते तेव्हा इंजिनाचा जोर काही अंशी वाया जातो आणि त्यामुळेच पुढचे भाग वाचतात. टायरने घट्ट पकड घेतली की तोच झटका क्लच, गिअरबॉक्स आणि अॅक्सलवर येतो व त्यांतील सर्वांत कमकुवत भाग तुटतो. शिवाय मागे बायस-प्लाय बांधणीचे स्लिक आणि पुढे साधे रेडियल अशी जोडी जमवली, तर वेग वाढल्यावर गाडी डोलू लागते. म्हणून पहिल्या भेटीत सुस्थितीतील नेहमीचे टायरच वापरणे शहाणपणाचे. तारा उघड्या पडलेले किंवा बाजूला फुगवटा आलेले टायर तपासणीतच नाकारले जातात, आणि ते योग्यच आहे.

बदलायची असते ती हवा. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळत असेल, तर तेथील दाब नेहमीपेक्षा पाच-सहा पौंडांनी कमी करून सुरुवात करावी. त्यामुळे टायर जमिनीवर जास्त पसरतो. पुढच्या चाकांत, टायरवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता, थोडी जादा हवा ठेवल्यास ती हलकी फिरतात. ज्या गाडीत पुढची चाके ओढतात तिथे हाच हिशेब उलटा. ड्रॅग रेडियलमध्ये दाब वीस पौंडांच्या आसपास किंवा त्याखालीही चालतो. साध्या टायरला तो झेपत नाही. त्याच्या कडा दुमडतात आणि गाडी अस्थिर होते. ट्रॅकपर्यंत चालवत आणलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात आणि तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण एक पौंड चढतो. त्यामुळे टायर निवल्यावर मोजावे आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच मापकाने मोजावे. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळून घ्यावेत.

सुटण्याच्या रेषेमागे पाणी टाकलेली जागा असते. स्लिक लावलेल्या गाड्या तिथे चाके फिरवून रबर तापवतात. नक्षीदार टायर मात्र खाचांतून पाणी रेषेपर्यंत घेऊन जातो, आणि मागून येणाऱ्याचा रोष ओढवतो! साध्या टायरच्या गाडीने त्या पाण्याला वळसा घालावा. पुढे कोरड्या जागी चाके क्षणभर फिरवून चिकटलेले खडे झाडले की पुरे.

धाव संपल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीत ६० फुटांचा वेळ वेगळा छापलेला असतो. टायरची खरी परीक्षा तोच सांगतो, कारण पुढच्या वेगात इंजिनाचा वाटा मोठा असतो. चाके घसरली असतील तर आधी सुटताना पाय हलका ठेवून पाहावा. मग दाब दोन पौंडांनी कमी करावा. एका वेळी एकच बदल, आणि त्याची नोंद चिठ्ठीवरच. दाब उतरवूनही हा वेळ सुधारत नसेल वा गाडी डोलत असेल, तर हवा पुन्हा वाढवावी.

परतीच्या प्रवासासाठी हवा भरण्याचा छोटा पंप सोबत हवाच. कमी हवेचा टायर हायवेच्या वेगात सतत दुमडून तापतो व फुटू शकतो. त्यामुळे ट्रॅकच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच चारही चाकांत नेहमीचा दाब भरून घ्यावा.