विषाणूचे कलम

कलम बांधणाऱ्या माळ्याला दोन कामे नेमकी जमावी लागतात. कलमकाडीचे टोक धारदार चाकूने तासावयाचे, आणि खुंटाला खाच पाडून ती काडी तीत घट्ट बसवावयाची. एकदा सांधा जुळला की खुंटाचाच रस काडीला मिळू लागतो आणि दोहोंचे मिळून एकच झाड होते. एड्सचा विषाणू, म्हणजे एच.आय.व्ही., मानवी पेशीत शिरून असेच करतो. ज्या विकराच्या साहाय्याने तो हे साधतो, त्याचे नाव इंटिग्रेज. या विकराचे रूप शास्त्रज्ञांना कसे दिसले, ती हकिगत आम्ही येथे सांगू इच्छितो. या आजाराचे औषध जन्मभर का घ्यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

या कथेचा आरंभ एच.आय.व्ही. ठाऊक होण्यापूर्वीचा आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॉवर्ड टेमिन हे कोंबड्यांना कर्करोग जडवणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. हा विषाणू आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल उतरवतो आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएत कायमची वस्तीला राहते, असे त्यांनी मांडले. डीएनएवरून आरएनए घडतो, उलट कधी होत नाही, अशी तेव्हाची समजूत असल्यामुळे फार थोड्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. १९७० साली टेमिन यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, ही उलटी नक्कल करणारे विकरच शोधून काढले. १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. पुढे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एच.आय.व्ही. सापडला, तो याच कुळातील निघाला.

नक्कल तयार झाल्यावर इंटिग्रेजचे काम सुरू होते. विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांवरील दोन-दोन अक्षरे ते छाटते. मग पेशीच्या डीएनएला छेद देऊन ती टोके तेथे जोडते. छाटणे आणि सांधणे ही दोन्ही कामे एकाच विकराची. ते कोठे पकडते आणि कोठे कापते हे कळावयाचे, तर त्याचा आकार दिसावयास हवा होता. त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक बनवावे लागतात. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात.

अडचण अशी की इंटिग्रेज पाण्यात नीट विरघळेना. त्याचे गोळे होत. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी या विकराच्या २८८ अमिनो आम्लांपैकी फक्त मधला भाग घेतला आणि त्यातील १८५ व्या स्थानावरचे एकच आम्ल बदलले. तेवढ्याने तो भाग विरघळला आणि त्याचे स्फटिक झाले. त्याची रचना १९९४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. टेमिन मात्र त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते.

त्या रचनेने एक कोडेही पुढे ठेवले. विषाणूची दोन टोके पेशीच्या डीएनएत अवघ्या पाच अक्षरांच्या अंतराने जोडली जातात. स्फटिकात मात्र विकराच्या जोडीतील दोन कापणाऱ्या जागा एकमेकींपासून दूर, विरुद्ध बाजूंना होत्या. मग जवळजवळचे दोन छेद ते देते कसे? डीएनए धरून बसलेले अखंड विकर पाहिल्यावाचून हे उलगडणारे नव्हते.

दरम्यान औषध पुढे गेले. असंख्य रासायनिक संयुगे तपासत जाऊन संशोधकांनी इंटिग्रेजला रोखणारे द्रव्य मिळवले, आणि २००७ मध्ये राल्टेग्रेव्हिर या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळी गुण देत होती. ती विकराच्या कोणत्या खाचेत बसते, हे मात्र कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

ते दर्शन २०१० साली घडले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील पीटर चेरेपानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एच.आय.व्ही.ऐवजी त्याच्या एका निरुपद्रवी नातलगाचे, फोमी विषाणूचे, इंटिग्रेज निवडले. चार वर्षांत चाळीस हजारांहून अधिक प्रयत्न झाले. त्यांतून सात प्रकारचे स्फटिक हाती आले, आणि त्यांपैकी एकच उपयोगी ठरला! त्यात दिसले की विकराचे चार रेणू एकत्र येऊन विषाणूची दोन्ही टोके धरतात. आतले दोन रेणू कापतात व जोडतात, आणि त्यांच्या कापणाऱ्या जागा जवळ येतात. कोडे सुटले. त्याच स्फटिकांत औषध मुरवून पाहिले, तेव्हा ते विकरातील धातूच्या दोन अणूंना चिकटून विषाणूच्या डीएनएचे टोक जागेवरून ढकलताना आढळले. खुद्द एच.आय.व्ही.चे असे जुळलेले विकर २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी, स्फटिक न बनवता, गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले.

या साऱ्यातून आपल्याला काय उमगते? औषध नवे कलम बांधू देत नाही. बांधून झालेले कलम मात्र त्याला सोडवता येत नाही. काही पेशींत ते मूक राहते आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा फुटते. म्हणून उपचार जन्मभराचा. भारतातील सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली, आणि इंटिग्रेजला रोखणारे डोल्युटेग्रेव्हिर आज त्या उपचाराचा मुख्य भाग आहे. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीतही सापडेनासा होतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. एका ताटात जेवल्याने वा हात हाती घेतल्याने तर तो कधीच जात नव्हता. घरात कोणी रोज ठरल्या वेळी गोळी घेत असेल, तर तिच्यामागे चाळीस हजार प्रयत्नांची चिकाटीही उभी आहे, हे ध्यानी ठेवून आपण त्याला निदान वेळेची आठवण आणि पेलाभर पाणी द्यावे.