वारणा ग्राम-संगणक प्रकल्प
महाराष्ट्र राज्याच्या कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा नदीच्या खोऱ्यात, वारणानगर (ता. पन्हाळा) या केंद्राभोवतालच्या सु. ७० खेड्यांसाठी संगणकांचे जाळे उभारण्याचा प्रयोग. १९९८ मध्ये हाती घेतलेला हा प्रकल्प ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने प्रसिद्धीस आला. खर्चाचा ५०% वाटा केंद्र शासनाने, ४०% राज्य शासनाने व १०% स्थानिक संस्थेने उचलावा, असे ठरले होते. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ ही योजना २००० मध्ये सुरू झाली. तिच्याही आधीचा म्हणून वारणेचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी : प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये जो मार्ग दाखविला, त्यावरून कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी कारखानदारी उभी राहिली. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याबरोबर दूध, शिक्षण व ग्राहक भांडार या क्षेत्रांत सहकारी संस्था स्थापन केल्या. जिल्ह्याच्या दक्षिण भागात बिद्री (ता. कागल) येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना याच परंपरेतील होय. अशा प्रत्येक कारखान्याचा व्यवहार हजारो सभासदांच्या नोंदींवर चालतो. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, यांवरून तोडणीचा क्रम ठरतो. तोडलेला ऊस जितका रखडेल, तितके त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे तोडणीची पाळी केव्हा येणार, गाडीचे वजन किती भरले व बिलातून कोणती कपात झाली, हे तीन प्रश्न शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी निगडित असतात. ह्यांची उत्तरे मिळविण्यासाठी त्याला गट कार्यालयात किंवा कारखान्यावर खेपा घालाव्या लागत.

कार्यपद्धती : गावोगावच्या माहितीकेंद्रांत ठेवलेले संगणक दूरध्वनी जोडणीने कारखान्याच्या मुख्य संगणकाशी संलग्न होते. ऊसनोंद, तोडणीचा परवाना, वजन, खते व देयके यांची माहिती तेथे मराठीतून मिळे. याशिवाय बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, जमिनीच्या नोंदी व रोजगाराच्या संधी हेही इंटरनेटद्वारे गावात पोहोचावे, असा मूळ संकल्प होता.

मूल्यमापन : संकल्प व प्रत्यक्ष वापर यांत मोठे अंतर राहिले. शेतकऱ्यांनी केंद्राचा उपयोग मुख्यतः कारखान्याशी असलेल्या हिशेबापुरता केला. वीजपुरवठ्यातील खंड, यंत्रांची दुरुस्ती व केंद्रचालकाचे वेतन यांचा भार कायम होता. २००६–०७ च्या सुमारास बंगलोर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेने सात गावांत आठ महिने एक पर्यायी प्रयोग केला. कारखान्यातील संगणकाला भ्रमणध्वनी जोडून शेतकऱ्याच्या लघुसंदेशाला लघुसंदेशानेच उत्तर देण्याची सोय करण्यात आली. गावातील संगणक करीत असलेली सर्व कामे या साध्या व्यवस्थेने पार पाडली. ती कमी खर्चाची व अधिक सोयीची असल्याचे आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडल्याचे दिसून आले.

ह्या निष्कर्षाचा अर्थ खेड्याला संगणक नको होता, असा नव्हे. शेतकऱ्यांनी साधनाची पारख त्याच्या नवलाईवरून न करता खेप किती वाचते व माहिती वेळेवर मिळते की नाही, यावरून केली. तथापि माहितीचा वेग वाढला, तरी तिच्या सत्यतेचा प्रश्न शिल्लक राहतो. काट्यावर वजन कमी दाखविले जाते, म्हणजे ‘काटामारी’ होते, अशी तक्रार साखर पट्ट्यात जुनी आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा आकडा हा काट्यावरूनच येतो. म्हणून काट्याची निःपक्षपाती तपासणी, सभासदांची जागरूकता व वार्षिक सभेतील प्रश्न यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे बंधनकारक आहे व विलंबास १५% व्याज आकारण्याची तरतूद आहे. वजनाची व तारखेची नोंद शेतकऱ्याच्या हाती असेल, तरच त्याला हा हक्क बजावता येतो.

पुढील काळात भ्रमणध्वनी घरोघर पोहोचल्याने स्वतंत्र माहितीकेंद्रांची गरज ओसरली. अनेक कारखाने गाडीचे वजन लघुसंदेशाने कळवितात. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे उपयोजन सुरू केले. त्याद्वारे शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद स्वतः कारखान्याकडे करता येऊ लागली. वारणेच्या प्रयोगाने मांडलेली, उत्पादकाला आपल्या मालाची माहिती गावातच मिळावी ही कल्पना निराळ्या साधनाने रूढ झाली.