स्पिंडल रनआउट (ड्रिलिंग मशीन)

स्पिंडल रनआउट म्हणजे ड्रिलिंग मशीनचा स्पिंडल फिरत असताना त्याचा किंवा त्याला जोडलेल्या चकचा पृष्ठभाग फिरण्याच्या अक्षाशी समकेंद्री न राहणे. डायल गेजचा काटा एका पूर्ण फेरीत दाखवत असलेल्या सर्वाधिक व सर्वांत कमी वाचनांमधील फरक हे त्याचे माप होय. हा फरक प्रत्यक्ष उत्केंद्रतेच्या दुप्पट असतो. कार्यशाळेच्या बोलीत अशा स्पिंडलला ‘आउट’ असे म्हणतात. झिजलेली बेअरिंग (धारवा) हे या दोषाचे एक प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नाही. त्यामुळे बेअरिंग बदलण्यापूर्वी दोषाचे मूळ शोधणे आवश्यक असते.

रचना

बेंच व पिलर ड्रिलिंग मशीनमध्ये मोटारीची गती व्ही-पट्टा आणि पायरीदार पुलीमार्फत स्पिंडलला मिळते. स्पिंडल क्विल नावाच्या पोकळ नळीत बेअरिंगांवर फिरतो. हँडल फिरवल्यावर दंतपट्टी व पिनियन यांच्या साहाय्याने क्विल खाली येते आणि गुंडाळी स्प्रिंग तिला परत वर नेते. स्पिंडलचे वरचे टोक खाचदार असून ते पुलीच्या बाहीत वरखाली सरकते. पुलीला बहुधा स्वतंत्र बेअरिंग असतात, त्यामुळे पट्ट्याचा ताण स्पिंडलवर येत नाही. खालच्या टोकाला निमुळते भोक किंवा निमुळता दांडा असतो व त्यावर चक बसतो. मोठ्या मशीनमध्ये मोर्स टेपर वापरतात. त्याचा उतार साधारण १:२० असतो.

परिणाम

रनआउटमुळे भोक ठरलेल्या मापापेक्षा मोठे होते, ड्रिल सुरुवातीलाच भरकटते आणि लहान व्यासाची ड्रिल मोडतात. एम ८ × १.२५ आट्यांसाठी ६.८ मिमी व्यासाचे ड्रिल वापरतात. ६एच या सर्वसाधारण सहिष्णुतेत आतील आट्यांचा लघुव्यास ६.९१२ मिमीपेक्षा अधिक असून चालत नाही. म्हणजे भोक ०.१२ मिमीने जरी मोठे झाले, तरी आटे मर्यादेबाहेर उथळ पडतात आणि बोल्ट कसताना ते निसटण्याचा धोका वाढतो.

निदान

चुंबकीय तळावर बसवलेले ०.०१ मिमी अल्पतम मापाचे डायल गेज मशीनच्या टेबलावर ठेवून, विद्युत्पुरवठा बंद असताना स्पिंडल हाताने फिरवतात. वाचने पुढील क्रमाने घेतात :

* प्रथम स्पिंडलच्या निमुळत्या भागावर. येथे काटा स्थिर असेल आणि पुढील टप्प्यात हलत असेल, तर दोष चक किंवा आर्बरमध्ये असतो व बेअरिंग बदलून उपयोग होत नाही.
* नंतर चकमध्ये धरलेल्या सरळ, घासलेल्या दांड्यावर, चकजवळ व खालच्या टोकाशी. दोन्ही ठिकाणी फरक सारखा असल्यास अक्ष समांतर सरकलेला असतो. खाली फरक वाढत गेल्यास दांडा तिरका धरला जातो.
* शेवटी स्पिंडल हाताने बाजूला व वरखाली ढकलून. असे केल्यावर काटा हलला, तर ती ढिलाई होय. क्विल व मशीनचे डोके यांच्यातील ढिलाई बेअरिंगच्या ढिलाईपासून वेगळी ओळखण्यासाठी गेजचा तळ क्विलवरच टेकवतात.

घरघर, फिरवताना जाणवणारे खडबडीत टप्पे आणि ग्रीस गळणे ही बेअरिंग झिजल्याची लक्षणे होत. चक बसवताना स्पिंडलवर हातोडा मारल्यास गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात. धातूचा किस व धूळ आत गेल्यानेही झीज वाढते.

बेअरिंगची निवड

लहान मशीनमध्ये खोल खाचेची बॉल बेअरिंग आढळतात. उदाहरणार्थ, ६२०१ (१२ × ३२ × १० मिमी), ६२०२ (१५ × ३५ × ११ मिमी) व ६२०३ (१७ × ४० × १२ मिमी). क्रमांकाच्या अखेरीस ०४ किंवा त्याहून मोठी संख्या असल्यास तिला पाचाने गुणून आतील व्यास मिळतो. ‘२आरएस’ हे रबरी सील, तर ‘झेडझेड’ हे धातूची झाकणे दर्शवते. ‘सी३’ बेअरिंगमध्ये आतील मोकळीक अधिक असते, म्हणून ती ड्रिलिंगच्या स्पिंडलसाठी सहसा योग्य ठरत नाहीत. ‘पी६’ व ‘पी५’ हे सर्वसाधारण वर्गाहून अधिक अचूक वर्ग आहेत.

बदलण्याची पद्धत

मशीनचा प्लग काढून चक उतरवतात. त्यानंतर गुंडाळी स्प्रिंगचा ताण तिची टोपी घट्ट धरून हळूहळू सोडतात. ही स्प्रिंग अचानक सुटल्यास हाताला गंभीर इजा होऊ शकते. मग पिनियन काढून क्विल खाली ओढून घेतात. नट किंवा सरक्लिप काढल्यावर स्पिंडल आर्बर प्रेसने बाहेर दाबतात आणि बेअरिंग पुलरने काढतात. स्पिंडल व्ही-ब्लॉकवर ठेवून तो वाकला आहे का, हे याच वेळी तपासतात. वाकलेल्या स्पिंडलवर नवी बेअरिंग बसवणे व्यर्थ असते.

नवे बेअरिंग बसवताना दाब घट्ट बसणाऱ्या कड्यावरच द्यावा लागतो : स्पिंडलवर आतील कड्यावर, क्विलमध्ये बाहेरील कड्यावर. दाब गोळ्यांमधून गेल्यास नवे बेअरिंगही खराब होते. सील असलेले बेअरिंग तापवून बसवायचे असल्यास आतील ग्रीस बिघडू नये म्हणून तापमान ८० अंश सेल्सिअसपुढे नेत नाहीत. नट कसताना अक्षीय ढिलाई जाईल, परंतु स्पिंडल हाताने सहज फिरेल, इतकाच ताण ठेवतात. जोडणीनंतर मशीन कमी वेगावर काही वेळ रिकामे चालवून बेअरिंग तापते का, ते पाहतात व पुन्हा मोजमाप घेतात.

रनआउट कमी करण्याचे अन्य उपाय

निमुळते भाग स्वच्छ पुसून त्यांवरील बर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. टेपरमध्ये अडकलेला किसाचा एक कणही चक तिरका बसवतो. स्पर्श पुरेसा आहे का, हे निळा रंग लावून पाहता येते. त्यानंतरही फरक उरल्यास स्पिंडल व चकचे उंच बिंदू खुणावून ते परस्परांच्या विरुद्ध, म्हणजे १८० अंशांवर येतील अशा रीतीने चक बसवतात. त्यामुळे दोन्ही त्रुटी काही प्रमाणात एकमेकींना छेदतात. झिजलेल्या जबड्यांचा चक मात्र बदलावाच लागतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फिटर अभ्यासक्रमात ड्रिलिंग, टॅपिंग आणि डायल गेजचा वापर शिकवला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात नागापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांप्रमाणेच तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतील लहान फॅब्रिकेशन दुकानांनाही हे ज्ञान उपयोगी आहे. राष्ट्रीय महामार्ग ६१ वरील, पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे अशा गावांपैकी एक आहे. नांगर, ट्रॉली व शेतीअवजारांच्या दुरुस्तीत एकच ड्रिलिंग मशीन अनेक वर्षे वापरले जाते. तेथे संपूर्ण मशीन बदलण्यापेक्षा प्रमाणित क्रमांकाचे बेअरिंग बदलणे कितीतरी कमी खर्चाचे ठरते, मात्र त्याआधी दोष बेअरिंगमध्येच असल्याची खात्री मोजून करावी लागते.