मथळ्यातून जन्मलेली स्पर्धा

युरोपातली फुटबॉलची चॅम्पियन्स लीग आज जगभर पाहिली जाते. तिचे मूळ मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फुशारकीत आहे.

१३ डिसेंबर १९५४. इंग्लंडचा लीगविजेता वुल्व्ज आणि बुडापेस्टचा होन्वेद यांच्यात वुल्व्जच्याच मोलिन्यू मैदानावर मैत्रीपूर्ण सामना होता. होन्वेदकडे पुश्काश, कोचिश, बोझिक असे हंगेरीच्या राष्ट्रीय संघातले हिरे. हंगेरीने आदल्या वर्षी वेम्बलीत इंग्लंडला ६-३ आणि पुढे बुडापेस्टमध्ये ७-१ असे लोळवले होते. ती जखम ओली होती. वुल्व्जचे व्यवस्थापक स्टॅन कलिस यांनी भिजलेल्या मैदानावर आणखी पाणी मारायला लावले. होन्वेदने दोन गोलांची आघाडी घेतली, पण पुढे चिखलात त्यांचे पाय रुतले आणि वुल्व्जने ३-२ अशी बाजी मारली. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने वुल्व्जला थेट जगज्जेते ठरवले.

पॅरिसच्या ‘लेकिप’ दैनिकातले गाब्रिएल आनो यांना हे पटेना. स्वतः फ्रान्सकडून खेळलेला हा पत्रकार. त्यांचे म्हणणे साधे होते: वुल्व्जने आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावे, मग बोलू. मिलान आणि रेआल माद्रिदही काही कमी नाहीत. त्यांनी युरोपातल्या क्लबांची स्पर्धा सुचवली. सहकारी जाक फेरान यांच्यासह ‘लेकिप’ने आराखडा केला, एप्रिल १९५५मध्ये क्लबांना पॅरिसला बोलावले आणि अखेर युरोपीय फुटबॉल महासंघ ‘यूएफा’ने सूत्रे घेतली.

‘लेकिप’ही काही निःस्वार्थ नव्हते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सामने झाले की अंक खपणार, हे गणित त्यामागे होतेच. पण त्यांच्या योजनेतली एक अट मोलाची होती: अंतिम सामना सोडला, तर प्रत्येक लढत एकदा घरी आणि एकदा परक्या मैदानावर. एकाच्याच चिखलात निकाल लागायला नको.

४ सप्टेंबर १९५५ला लिस्बनमध्ये पहिला सामना झाला. इंग्लंडचा नवा विजेता चेल्सी स्पर्धेत उतरलाच नाही. इंग्लिश लीगच्या कारभाऱ्यांनी त्याला माघार घ्यायला लावली. पहिला करंडक रेआल माद्रिदने जिंकला, आणि त्यानंतरचे सलग चारही.

क्रीडापत्रकाराला आवडता संघ असणारच. पण त्या संघाचा दावा समोरच्याच्या मैदानावर तपासायची पत्रकाराची तयारी असेल, तरच त्याला निःपक्षपाती म्हणावे.