घरातल्या सगळ्या दारांना एकच चावी चालते का? चालते, पण सगळ्याच दारांना नको

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं किंवा इंदिरानगरमधलं एखादं साधं रो-हाऊस डोळ्यासमोर आणा. गेटला कुलूप. जाळीच्या सेफ्टी डोअरला लॉक. आतल्या मुख्य दाराला लॅच. मागच्या दाराला कुलूप, गच्चीच्या दाराला आणखी एक आणि पाण्याच्या मोटरच्या पेटीला एक छोटं. झाली सहा कुलपं. प्रत्येकाच्या दोन-तीन चाव्या धरल्या तर घरात पंधरा चाव्या सहज निघतात, आणि त्यातल्या चार नेमक्या कशाच्या आहेत हे कुणालाच आठवत नाही.

मग प्रश्न पडतो, या सगळ्यांना एकच चावी करता येणार नाही का?

येते. त्यासाठी फार खर्च किंवा जादूही लागत नाही. पण त्याआधी कुलूप आतून कसं चालतं हे समजून घ्यायला हवं, कारण कुठलं कुलूप एका चावीवर आणता येतं आणि कुठलं नाही, ते त्यावरच ठरतं.

कुलूप चावीला ओळखतं कसं?

आज घराच्या दारांना जी लॉक्स बसवली जातात त्यातली बरीचशी पिनांची असतात. चावी जिथे घालतो तो गोल भाग म्हणजे सिलिंडर. त्याच्या आत एका रांगेत पाच-सहा बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि वर त्यांना दाबणारी स्प्रिंग. चावी आत गेली की तिच्या दात्यांप्रमाणे खालच्या पिना कमी-जास्त उचलल्या जातात. सगळ्या भोकांत दोन पिनांमधला जोड बरोबर सिलिंडरच्या कडेला आला, तरच तो फिरतो. एक जरी पिन केसभर वर-खाली राहिली तरी चावी फिरत नाही.

लाकडी पिनांवर चालणारी कुलपं पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये फार प्राचीन काळापासून होती. आजची छोटी चपटी चावी मात्र अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियर यांची. त्यांनी 1861 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईच्या लालबागमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. वकिली सोडून आलेला हा माणूस आधी शस्त्रक्रियेची अवजारं बनवायच्या धंद्यात अपयशी ठरला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

दुसरा प्रकार लिव्हरचा. आपली पारंपरिक लटकती कुलपं आणि जुन्या लाकडी दारांमधली बरीच लॉक्स या जातीची. त्यात पिनांऐवजी धातूच्या पातळ पट्ट्या असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक चावी करण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता सरळ आहे. सगळ्या कुलपांच्या आतल्या पिना हुबेहूब सारख्या ठेवायच्या. मग कुठल्याही कुलपाची चावी बाकीच्या सगळ्यांना लागते. कंपन्या याला 'कीड अलाइक' म्हणतात. (ऐकायला वाळवी लागल्यासारखं वाटतं, पण त्याचा अर्थ 'एकाच चावीची कुलपं' एवढाच.) लटकत्या कुलपांचे असे जोड तयार मिळतात. दाराच्या लॉकसाठी मात्र हार्डवेअरच्या दुकानात आधीच सांगून, सगळी एकदम मागवावी लागतात.

दुसरा रस्ता मास्टर चावीचा. यात प्रत्येक दाराची चावी वेगळी राहते, पण सगळी दारं उघडणारी एक जास्तीची चावी मालकाकडे असते. हॉटेलात असंच असतं. त्यासाठी काही भोकांत दोन पिनांच्या मध्ये एक तिसरी चकती घालतात, म्हणजे तिथे एकाऐवजी दोन उंचींवर सिलिंडर मोकळा होतो.

गोम इथेच आहे. पाचही भोकांत अशी चकती घातली, तर ते कुलूप दोन नाही, तब्बल 32 वेगवेगळ्या चाव्यांनी उघडू शकतं. दोनाचा पाचवा घात, साधं गणित. म्हणजे सोय वाढते तसं कुलूप सैल होत जातं. 2003 मध्ये मॅट ब्लेझ या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की अशा व्यवस्थेतली एक साधी चावी, तिचं कुलूप आणि थोड्या कोऱ्या चाव्या हाताशी असतील, तर कुणालाही मास्टर चावी शोधून काढता येते. कुलूप उघडून बघायचीही गरज नसते. चारजणांच्या कुटुंबाला मास्टर चावीची सहसा गरजच पडत नाही.

नाशकात मात्र एक अपवाद आहे. 2027 च्या सिंहस्थाच्या तोंडावर ज्यांना घरातल्या खोल्या भाविकांना भाड्याने द्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी मास्टर चावी उपयोगी आहे. पाहुण्याकडे फक्त त्याच्या खोलीची चावी, मालकाकडे सगळ्यांची. अशा घरात सगळ्या खोल्यांना एकच चावी ठेवणं म्हणजे एका पाहुण्याच्या हाती शेजारच्या पाहुण्याचं सामान देणं.

आधीपासून बसवलेल्या लॉकचं काय?

दाराच्या कडेला, लॉकच्या पट्टीवर, मधोमध एक स्क्रू दिसतो का ते बघा. दिसला आणि चावीचं भोक एखाद्या लांबट सिलिंडरमध्ये असेल, तर काम सोपं आहे. तो स्क्रू काढून, चावी किंचित फिरवली की सिलिंडर सरकून बाहेर येतो. दार तासायची गरज नाही, अख्खं लॉकही बदलायचं नाही. नवा सिलिंडर घेताना जुना सोबत न्या, कारण लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पाच मिलिमीटरचा फरकही चालत नाही. असे दोन-तीन सिलिंडर एकाच चावीचे घेतले की निम्मं घर एका चावीवर आलं.

जुन्या लिव्हरच्या लॉकमध्ये हे जमत नाही. त्याच्या पट्ट्या बदलायच्या तर लॉक पूर्ण खोलावं लागतं, आणि रिबीट मारलेलं लटकतं कुलूप तर फोडूनच उघडेल. तिथे नवं घेणं स्वस्त पडतं.

वेगवेगळ्या कंपन्यांची कुलपंही सहसा एका चावीवर येत नाहीत. चावी ज्या खाचेतून आत जाते तिचा आकारच प्रत्येकाचा वेगळा असतो. सेफ्टी डोअरला एका कंपनीचं आणि मुख्य दाराला दुसऱ्या कंपनीचं लॉक असेल, तर एक बदलावंच लागेल. दातांऐवजी बारीक खड्डे असलेली चपटी चावी, जिला अनेक जण 'कॉम्प्युटर चावी' म्हणतात, तीही साध्या दातांच्या लॉकला चालत नाही.

एकच चावी ठरली की डुप्लिकेट करून घ्या, पण नेहमी मूळ चावीवरून. कानशीने घासलेल्या नकलेवरून दुसरी नक्कल, तिच्यावरून तिसरी, असं करत गेलं की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते. मग एक दिवस चावी आत जाते, पण फिरत नाही. मूळ चावी कपाटात ठेवा आणि वापरायला नक्कल घ्या.

मग कुठली दारं एकत्र, कुठली वेगळी?

एका चावीची खरी किंमत ती हरवते तेव्हा कळते. वेगवेगळ्या चाव्या असताना एक हरवली तर एक कुलूप बदलायचं. एकच चावी हरवली तर सगळी. आणि ती कुणाच्या हातात पडली हे माहीत नसेल, तर घर त्या रात्रीपासूनच उघडं आहे असं धरून चालावं लागतं.

म्हणून प्रत्येक दाराला एकच प्रश्न विचारावा: या दाराची चावी घराबाहेरच्या कुणाला द्यावी लागते का? गेट, सेफ्टी डोअर आणि मुख्य दार यांच्या चाव्या घरातल्याच माणसांकडे असतात, तर ती तिन्ही खुशाल एका चावीवर आणा. गच्चीची चावी टाकी धुणाऱ्याला आणि डिश बसवणाऱ्याला द्यावी लागते. मोटरच्या पेटीची शेजाऱ्यांकडे असते. ही कुलपं वेगळीच हवीत. कपाटाची आणि तिजोरीची चावी तर कधीच घराच्या चावीसारखी नको. बँकेचा लॉकर आठवा. तिथे एका कुलपाला मुद्दाम दोन चाव्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची.

सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत काम केलेल्यांना याच्या नेमकं उलट उदाहरण ओळखीचं असेल. यंत्र दुरुस्त करताना वीज बंद करून तिथे कुलूप लावतात आणि पद्धत अशी की एक माणूस, एक कुलूप, एक चावी. दुसऱ्याच्या चावीने ते कुलूप उघडताच कामा नये, कारण आत एखाद्याचा हात असू शकतो.

आणि तो चावीचा फोटो

गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला नव्या घराची चावी हातात धरून काढलेले फोटो तुमच्याही फीडमध्ये आले असतील. आनंद समजण्यासारखा आहे, पण दाते स्पष्ट दिसत असतील तर तो फोटो म्हणजे चावीच आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी सुमारे 60 मीटरवरून दुर्बिणीच्या लेन्सने काढलेल्या फोटोवरून चावी तयार करून दाखवली होती. 2015 मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर बॅगा तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मास्टर चाव्यांचा फोटो एका बातमीतून पसरला आणि लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर त्या चाव्या छापल्या. एकाच चावीवर तीन दारं असतील तर असा एक फोटो तिन्ही दारांचा. चावीवर किंवा खोक्यावर छापलेला नंबरही झाका, काही कुलपांची चावी त्या नंबरवरून बनवता येते.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर आणखी एक काम आधी करा. बांधकाम चालू असताना त्या दाराच्या चाव्या सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन अशा कितीतरी हातांतून गेलेल्या असतात. एकच चावी करायची असेल तर मुख्य दाराचा सिलिंडर बदलायची तीच योग्य वेळ आहे. फ्लॅट भाड्याचा असेल तर आधी मालकांना विचारा आणि काढलेला सिलिंडर चाव्यांसकट पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवा. घर सोडताना तोच परत बसवून द्यायचा आणि तुमचा पुढच्या घरी न्यायचा. दाराची जाडी सारखी निघाली, तर तिथेही बसेल.