बंगळूरचा निबंध आणि आधारचे कुलूप

डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथे संगणकशास्त्राची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आयबीएमचे चार्ल्स बेनेट आणि माँट्रियल विद्यापीठाचे जिल ब्रासार यांचा अवघ्या पाच पानांचा निबंध तीत सादर झाला. गुप्त चावी प्रकाशकणांच्या ध्रुवणातून पाठवावी. वाटेत कोणी ती चोरून पाहिली, तर त्या पाहण्यानेच कणांची अवस्था बिघडेल आणि चोरी उघडकीस येईल, अशी ती कल्पना होती. आज ती ‘बीबी८४’ या नावाने ओळखली जाते. त्या काळी मात्र तिची निकड फारशी कोणाला भासली नाही, कारण जुनी कुलपे शाबूत होती.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध कुलूप म्हणजे रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये घडवलेली ‘आरएसए’ पद्धत. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. त्या गुणाकाराचे अवयव पाडणे जवळजवळ अशक्य. (कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जलद रीत दिली, पण संख्या मूळ नाही एवढेच तिच्यावरून कळते, अवयव हाती लागत नाहीत.) पद्धतीच्या जन्मवर्षीच १२९ अंकी एक संख्या जाहीर आव्हान म्हणून मांडली गेली होती. बक्षीस होते १०० डॉलर. तिचे अवयव पाडायला कोट्यवधी वर्षे लागतील असा अंदाज होता; १९९४ मध्ये इंटरनेटवरून जोडल्या गेलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ते काम काही महिन्यांत संपवले.

त्या पराभवाने कोणी हादरले नाही. संख्या आणखी मोठी घेतली की झाले! खरा घाव त्याच वर्षी दुसरीकडून आला. बेल प्रयोगशाळेतील पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव पाडण्याचे काम झपाट्याने करू शकेल. मग संख्या वाढवण्याचा उपायही फारसा उरत नाही.

असा संगणक आज अस्तित्वात नाही. मात्र २०४८ बिटांचे आरएसए फोडण्यास २ कोटी क्यूबिट लागतील, हा २०१९ मधील अंदाज २०२५ मध्ये १० लाखांच्याही खाली आला. यंत्र मोठे होत आहे आणि त्याच्यापुढचे काम लहान. शिवाय चोराला यंत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कुलूपबंद माहितीची नक्कल आज करून ठेवायची आणि ती उद्या उघडायची, एवढे त्याला पुरते. बँकेचा पासवर्ड तोवर बदललेला असेल. बोटांचे ठसे बदलत नाहीत. देशातील पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. आधारच्या प्रमाणीकरणात ठशांची माहिती ज्या चावीने बंद होते, ती चावी २०४८ बिटांच्या आरएसएनेच झाकलेली असते.

नव्या गणिती कुलपांचा शोध अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २०१६ मध्ये सुरू केला. पहिल्या फेरीत ६९ प्रस्ताव होते. त्यांपैकी ‘साइक’ चौथ्या फेरीपर्यंत टिकला आणि २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात फुटला. क्वांटम यंत्राची गरजच पडली नाही! ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानके जाहीर झाली. त्यांतील दोन जालकांच्या गणितावर उभी आहेत. त्यांनाही कायमचे अभेद्य म्हणण्याचे धाडस जाणकार करीत नाहीत.

भारताने उत्साह दाखवला तो प्रामुख्याने बंगळूरच्या वाटेवर. मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादेत ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम चावीने संदेशवहन केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल अशी १०० किलोमीटरहून लांब जोडणी साधली. पुढच्याच वर्षी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी मिळाली. ही कामगिरी मोलाचीच. पण या पद्धतीला खास उपकरणे आणि खास मार्ग लागतो. कोट्यवधी मोबाइलांपर्यंत ती पोहोचणार नाही. तिथे गणितच कामी येईल, आणि त्याआधी बँका, रेल्वे, रुग्णालये यांच्या प्रणालींत जुने कुलूप नेमके कुठे कुठे बसवले आहे, याची रटाळ मोजदाद करावी लागेल. अशा मोजदादीचे उद्घाटन समारंभ होत नसतात.

‘निस्ट’च्या मसुद्यानुसार २०४८ बिटांचे आरएसए २०३० नंतर टाळावयाचे आहे आणि २०३५ नंतर बंदच. भारताच्या अभियानाची मुदत २०३०-३१ मध्ये संपते.